पिवळी अळंबी, खरी की तोतया

धाकटीला तिच्या वडिलांबद्दल एकच गोष्ट आठवते, आणि ती गोष्ट कधी घडलीच नाही असं थोरलीचं म्हणणं आहे.

धाकटी म्हणजे आता सत्तरीला टेकलेली, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, गुडघ्याला पट्टा बांधून हिंडणारी बाई. पण घरात एकदा जे नाव पडतं ते पडतं. तिच्यामागे कुणी धाकटं आलं नाही, म्हणून ती जन्मभर धाकटीच राहिली. थोरली तिच्याहून बरीच मोठी. घराण्याच्या सगळ्या आठवणींचा कारभार थोरलीच्या हातात. कुठल्या आत्याचं लग्न कशावरून फिसकटलं, कुठल्या काकांनी कुणाशी कशावरून बोलणं टाकलं, आईची मोरपंखी साडी शेवटी कुणी लंपास केली, हे थोरली सांगेल ते खरं. आणि थोरलीला जे आठवत नाही ते झालेलंच नसतं.

दोघींचे वडील, अण्णा, धाकटी अगदी लहान असतानाच गेले. धाकटीच्या वाट्याला त्यांची काहीच चीजवस्तू आली नाही. फोटोसुद्धा थोरलीच्या घरच्या भिंतीवर. तिच्याजवळ होती ती एवढीच आठवण, आणि तीही किती लहान. एक रान आहे. झाडांमधून दुपारचं ऊन गाळून आल्यासारखं पडलंय. पानं तिच्या कपाळाला, केसांना लागताहेत. अण्णा जवळच आहेत, त्यांचा श्वास ऐकू येतोय. आणि खाली, खूप खाली, हिरव्या शेवाळात पिवळ्याधमक अळंब्या उगवल्या आहेत, कुणाच्या कोटाची पितळी बटणं तुटून सांडावीत तशा. मग सगळं रान एकदम पुढे झुकतं. आणि वास येतो, पिकल्या जर्दाळूचा. बस्स. तिच्या खात्याच्या भाषेत सांगायचं तर तेवढ्यात लाइन कटते, आणि कितीही खटपट केली तरी पुन्हा लागत नाही.

धाकटीने जन्मभर दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडून दिले. हा एक कॉल मात्र तिचा स्वतःचा होता, आणि तो मध्येच तुटला होता.

थोरलीकडे हा विषय निघाला की निकाल ठरलेला. अण्णा रानात जाणं शक्यच नव्हतं, कारण अण्णांना बुटाला चिखल लागलेला खपत नसे. अळंब्या आपल्या घरात कधी शिजल्या नाहीत. आणि सगळ्यात वरचढ मुद्दा शेवटी यायचा. "रान झुकलं म्हणतेस. अगं, रान कधी झुकतं का? स्वप्न पडलं असेल तुला. तापात असशील."  रान झुकत नाही हे तिलाही दिसत होतं.

तर अशी ही बाई. तिच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी रोज मऊ जमिनीवर चालायला सांगितलं, म्हणून ती आणि तिचे यजमान वसाहतीमागच्या रानात जाऊ लागले. यजमान वीज खात्याच्या तक्रार खिडकीवर बसून निवृत्त झाले होते. तिथल्या नोकरीने त्यांना एक अढळ शांती दिली होती. घरात काहीही झालं, दूध उतू गेलं, नळ गळला, बायको रडली, तरी ते मान वर न करता म्हणत, "नोंद घेतली." आणि खरोखर घेत. दोन दिवसांनी नळ दुरुस्त झालेला असे.

त्या दिवशी दुपार कलत होती. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि रान ओल्या कपड्यासारखं जड, गप्प होतं. जुन्या रुंद पानांच्या झाडांखाली चालताना आपण जागे आहोत की झोपेत, हे धाकटीला नीट कळेना. आणि एका झाडाच्या मुळापाशी, शेवाळात, ती पिवळी बटणं सांडलेली दिसली.

ती जागच्या जागी थांबली. यजमान चार पावलं पुढे गेले, मग परत आले.

"काय झालं?"

"अण्णांच्या अळंब्या," ती म्हणाली.

यजमानांनी नोंद घेतली.

आता एखादी शहाणी बाई बघून, हळहळून घरी गेली असती. धाकटीला वाटलं, आपण तेव्हा एवढ्याशा होतो, तेव्हा एवढ्याशा होऊनच बघायला हवं. म्हणून ती गुडघ्यावरचा पट्टा विसरून चक्क उकिडवी बसली. पण काहीतरी बिनसलं. अळंब्या एकदम मोठ्या झाल्या, नाकासमोर आल्या. त्यांच्या छत्रीच्या लाटा, खालच्या सुरकुत्या, त्यांच्यावरून चाललेली मुंगीसुद्धा दिसायला लागली. आठवणीत त्या खूप खाली होत्या. कपाळाला पानं लागत होती. इथे पानं तर पार डोक्याच्या वर. आणि वास? वासाचा प्रश्नच नव्हता. गेल्या थंडीतल्या तापाने तिचं नाक कायमचं बंद करून टाकलं होतं. भाजी करपली तरी तिला धूर दिसल्यावर कळे.

ती तशीच बसून राहिली. थोरलीचंच खरं असेल तर, असा एक गार विचार तिच्या मनात शिरला. मग उठायला गेली तर गुडघे उठेनात. यजमानांनी काखेत हात घालून ओढलं, ते मागे झाडावर आदळले, झाडाने साठवलेलं रात्रीचं पाणी दोघांच्या डोक्यावर ओतलं. वाटेने कुत्रा घेऊन निघालेले एक गृहस्थ आदराने दुसरीकडे बघत उभे राहिले. मान खाली घालून, रुमालात चार-पाच अळंब्या बांधून, दोघं घरी आली.

घरी आल्याबरोबर तिने थोरलीला फोन लावला, आणि लावायला नको होता. "ताई, अण्णांच्या अळंब्या सापडल्या," एवढंच बोलली.  मग थोरली म्हणाली, की मी पुढच्या आठवड्यात येतेच आहे तुझ्याकडे राहायला, तेव्हा बघू. तोवर खाऊन मरू नकोस, मला आधीचं तिकीट मिळायचं नाही.

आता माघार शक्य नव्हती. थोरली येण्याच्या आत अळंबी कुठली ते पक्कं व्हायला हवं होतं. जर्दाळूच्या वासाची पिवळी अळंबी खरोखरच जगात असते, रानात उगवते आणि माणसं ती खातात, एवढं जरी ठरलं तरी आठवणीला उभं राहायला जमीन मिळाली असती. ती विषारी निघाली, तर अण्णांनी पोरीला जवळ घेऊन ती हुंगायला दिली असेल, हे कोण मानणार?

वाचनालयात एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात पिवळ्या अळंबीला दोन पानं दिली होती आणि त्यातलं दीड पान तिच्या तोतयावर होतं. लेखकाचा तोतयावर इतका राग होता की खरीचं वर्णन त्याने उरकून टाकलं होतं. खरी जमिनीतून उगवते, तोतया कुजक्या लाकडातून, झुपक्याने. खरीच्या छत्रीखाली पात्या नसतात, देठावर उतरत गेलेल्या सुरकुत्या असतात, नखाने सुट्या होत नाहीत. तोतयाच्या पात्या पुस्तकाच्या पानांसारख्या सुट्या. खरी आतून पांढरी, तोतया आतूनही नारिंगी. खरीच्या छत्रीखालून झडणारी भुकटी फिकट असते, म्हणून छत्री काळ्या कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकावी, सकाळी ठसा उमटलेला मिळेल. आणि शेवटी: खरीला पिकल्या जर्दाळूचा सुवास येतो. याच्या खाली लेखकाने रेघ मारून लिहिलं होतं, की यातल्या कुठल्याही एका खुणेवर विसंबू नये; सगळ्या जमल्या तरी जाणकाराला दाखवल्याशिवाय खाऊ नये.

बाकीच्या खुणा धाकटीने चष्मा लावून एकेक तपासल्या. वासाला मात्र नाक हवं होतं, आणि ते दुसऱ्याचं आणावं लागणार होतं.

पहिलं नाक घरातलंच. यजमानांनी डोळे मिटून बराच वेळ हुंगलं आणि म्हणाले, "वास येतोय." कसला, तर वासासारखा. जर्दाळूचा का, असं विचारल्यावर म्हणाले, की जर्दाळू मी शेवटचा कधी खाल्ला ते आठवत नाही, तेव्हा खोटं कशाला बोलू.

दुसरं नाक कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं. त्याने रुमाल उघडताच सांगितलं, मुलांचं खोकल्याचं औषध, गोड चवीचं. तिसरं नाक तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंचं. त्यांना नव्या कापडाचा वास आला, धुण्याआधी खळ असलेल्या. आपल्याच दुकानाचा वास आपण रानात जाऊन शोधतो, हे धाकटीच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. बिचारी तिसऱ्या नाकापर्यंत आशा धरून होती.

चौथं नाक पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचं. ते त्यांनी देऊ केलंच नाही. याबाबत मी माझं मत राखून ठेवतो, म्हणाले. मग कुणी न मागता दिलेल्या सल्ल्याचा पूर्वार्ध सुरू झाला. अळंबी शिजताना चांदीचा चमचा घालावा, काळा पडला तर विष. धाकटी म्हणाली, पुस्तकात ही समजूत खोटी म्हटली आहे. वकीलसाहेबांनी विचारलं, पुस्तकाचा लेखक हयात आहे का? नसेल तर त्याची उलटतपासणी कशी घ्यायची? मग उत्तरार्धात त्यांनी सांगितलं, की जिन्यातून असले पदार्थ नेणं म्हणजे सामाईक जागेत धोका निर्माण करणं आहे, आणि ते पाठ फिरवून वर गेले. त्यांची पाठ धाकटीला लवकरच पुन्हा दिसायची होती.

नाकं संपली, तेव्हा धाकटीने सरकारचं दार ठोठावलं. शेती खात्यातल्या माणसाने विचारलं, ही पेरली कुणी? कुणीच नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग ती शेती नाही, वन खात्यात जा. वन खात्यातल्या बाई म्हणाल्या, झाड नाही, लाकूड नाही, पाला नाही. तुम्ही म्हणता ही वनस्पतीसुद्धा नाही. नाहीच, धाकटी म्हणाली, पुस्तकात तसंच आहे, अळंबी वनस्पतीही नव्हे आणि प्राणीही नव्हे. त्या बाईंनी खिडकीतून बाहेर बघत बराच विचार केला आणि अन्न तपासणीच्या कचेरीचा पत्ता दिला. तिथल्या साहेबांनी विचारलं, कोणी खाल्ली आहे का?

"नाही. खायच्या आधी विचारायला आले."

"आधीचं आमच्याकडे नसतं. कोणाला त्रास झाला की या."

धाकटीला राग आला नाही. उलट एक प्रकारची आपुलकी वाटली. इतकी वर्षं तिनेच लोकांना असं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जोडून दिलं होतं, थांबा, लाइनवर राहा, म्हणत. पलीकडे माणसं अशी बाकावर बसून राहत असतील, हातात रुमाल घेऊन, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. त्या कचेरीच्या बाकावर पंख्याखाली तिला डुलकी लागली, आणि डुलकीत रान झुकलं. जागी झाली तर शिपाई म्हणत होता, बाई, कचेरी बंद झाली.

राहिला तो भुकटीचा ठसा. काळा कागद घरात नव्हता. ती शिवणवाल्या बाईंकडे काळ्या कापडाचा तुकडा मागायला गेली. बाई दोरा ओवत होत्या. समोर टेबलावर एक काळा कोट पसरलेला होता, अस्तर बदलायला आलेला. यावरच ठेवा की, बाई म्हणाल्या, उद्यापर्यंत कुणाला लागत नाही. दोघींनी मिळून छत्री कोटाच्या पाठीवर पालथी ठेवली, वर वाटी झाकली आणि उद्या बघू म्हणून आपापल्या कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी उतरली तेव्हा वाटी टेबलावर, अळंबी वाटीत आणि कोट गायब. बाईंच्या नवऱ्याने सकाळीच घडी घालून पोचता केला होता. कुणाचा होता तो? बाईंनी दोरा तोडला आणि सांगितलं, वकीलसाहेबांचा.

असं म्हणतात, की तो ठसा फार सुंदर उमटला होता. कोटाच्या पाठीवर, खांद्यांच्या बरोबर मध्ये, फिकट पिवळसर नाजूक रेषांचं एक चक्र. मधोमध गोल कोरा ठिपका आणि तिथून निघालेल्या किरणांसारख्या रेषा. धाकटीला तो तसा ताजा बघायला मिळाला नाही याची चुटपुट तिला अजून आहे. वकीलसाहेब सकाळभर न्यायालयात पाठीवर सूर्य घेऊन उभे होते. समोरच्या पक्षाला वाटलं, काही नवा बहुमान मिळालेला दिसतो. त्या दिवशी ते वकीलसाहेबांशी जरा नरमाईने बोलले. दुपारी कुणीतरी पाठ झटकून विचारलं, साहेब, हे पीठ कसलं? वकीलसाहेब घरी आले, शिवणवाल्या बाईंना गाठलं आणि उत्तर ऐकलं.

पुढचं सगळं भीतीने केलं. आधी त्यांची पाठ खाजू लागली. मग घसा. मग त्यांना आठवलं, की दुपारी आपण अंड्याच्या पोळीत अळंबी खाल्ली होती. ती त्यांच्या बायकोने दुकानातून, झाकण लावलेल्या डब्यातून आणली होती, पण भीतीपुढे दुकान काय आणि रान काय. रिक्षा आली. अख्खी इमारत गॅलरीत उभी राहिली. वकीलसाहेब पायऱ्या उतरताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की माझ्या जबाबात ऑपरेटरबाईंचं नाव येईल.

इस्पितळात त्यांना काहीही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगून घरी पाठवलं. पण कागदावर "अळंबी" हा शब्द लिहिला गेला, आणि तो जिथे जायला हवा तिथे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अन्न तपासणीचे तेच साहेब धाकटीच्या दारात उभे होते, हातात बरणी, लाख आणि शिक्का घेऊन. आता तक्रार होती, आता त्रास झालेला माणूस होता, आता सगळं रीतसर होतं. नमुना द्या, ते गंभीरपणे म्हणाले. धाकटीने फ्रिजमधून रुमाल काढून दिला.

आणि त्याच क्षणी जिन्यातून थोरली वर आली. हातात बॅग, खांद्यावर शाल, श्वास फुललेला. दारात साहेब, साहेबांच्या हातात सील केलेली बरणी, बरणीत पिवळ्या अळंब्या, समोरच्या दारात शेजारी. सगळं चित्र एका नजरेत घेऊन ती आत आली आणि बॅग खाली ठेवली.

"मी तरी लवकरचं तिकीट काढायला हवं होतं," ती म्हणाली.

त्या दिवशी थोरली विलक्षण प्रेमाने वागली. धाकटीला स्वयंपाक करू दिला नाही, गुडघ्याला तेल लावून दिलं आणि अळंबी हा शब्द उच्चारला नाही. हीच खरी शिक्षा होती. जिंकलेल्या माणसाची माया सहन होत नाही. उशा लावताना एवढंच म्हणाली, की लहानपणी तू आजारी असायचीस, तुला खूप स्वप्नं पडायची, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. धाकटीने भिंतीकडे तोंड केलं.

बरणी मात्र आपला प्रवास करत होती. अन्नवाल्यांना त्यातलं काही कळेना, म्हणून त्यांनी ती कॉलेजातल्या प्राध्यापिका बाईंकडे पाठवली, ज्यांनी अळंबीवर सगळी हयात घालवली होती. त्यांचा फोन आला, तो थेट धाकटीला. बरणीत कोंबून पिचलेल्या अळंबीवर मी बोलत नाही, त्या म्हणाल्या. ती कुठे उगवली ते दाखवा. उद्या दुपारी येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रानात निघालेली मंडळी बघण्यासारखी होती. सगळ्यात पुढे प्राध्यापिका बाई, उंच, करड्या बुटांच्या, हातात लहान सुरी. मागे अन्न तपासणीचे साहेब. त्यामागे वकीलसाहेब, कारण प्रकरण त्यांचं होतं. कोट त्यांनी पुरावा म्हणून हँगरवरच आणला होता. मग यजमान, डोक्यावर त्यांची फिरायला जायची लोकरी टोपी. मग धाकटी. आणि सगळ्यात मागे, साडी घोट्यापाशी उचलून धरलेली थोरली, जिला यायचंच नव्हतं, पण धाकटीला एकटीला तोंडघशी पडू देणं तिच्या कर्तव्यात बसत नव्हतं.

रानात शिरल्यावर सगळेच हळूहळू गप्प झाले. ऊन फांद्यांतून गाळून येत होतं, ओल्या मातीवरून पावलांचा आवाज होत नव्हता, कुठेतरी एक पक्षी तेच ते दोन सूर पुन्हा पुन्हा लावून बघत होता. वकीलसाहेबांच्या हातातला कोट वाऱ्याने हलत होता, जणू आणखी कुणीतरी बरोबर चाललं होतं.

झाडापाशी प्राध्यापिका बाई खाली बसल्या, आणि कुणाशीही न बोलता आपल्या कामाला लागल्या. देठाभोवतीची माती बोटाने उकरून बघितली, खाली लाकूड नाही. वरचं झाड कुठलं ते बघितलं. सुरकुत्यांवरून नख फिरवलं, त्या सुटल्या नाहीत. उभी चिरली, आतून पांढरी. नाकाजवळ नेली. मग मागे हात केला आणि म्हणाल्या, "कोट."

वकीलसाहेबांनी कोट दिला. त्यांनी तो उन्हात धरून पाठीवरचं पुसट झालेलं चक्र इतक्या प्रेमाने बघितलं, की वकीलसाहेबांचा चेहरा नकळत उजळला. इतका चांगला ठसा माझ्या विद्यार्थ्यांनाही जमत नाही, त्या म्हणाल्या. कोट धुऊ नका, विभागाला द्याल का?

वकीलसाहेबांनी या बाबतीतलं मत राखून ठेवलं नाही. लगेच हो म्हणाले.

"खरी आहे," बाई धाकटीकडे वळून म्हणाल्या. "खाण्याजोगी. ओळखून काढायची, नीट शिजवायची आणि पहिल्यांदा थोडीच खायची. पण खरी आहे."

धाकटीच्या डोळ्यांसमोर सगळं हिरवं-पिवळं एकमेकांत मिसळलं. तिने विचारलं, "आणि माझ्या वडिलांनी दाखवली होती, ती हीच असेल का?"

बाईंनी सुरी पुसली. "ते माझ्या विषयात येत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

थोरलीने शाल नीट केली. त्या एका हालचालीत सगळा निकाल होता. अळंबी असेल खरी. स्वप्नात काय खऱ्या वस्तू येत नाहीत?

बाईंनी काही अळंब्या कापून वर दिल्या. ठेवायला कुणाजवळ काही नव्हतं. रुमाल सील होऊन गेला होता. तेव्हा यजमानांनी डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि पुढे धरली. अळंब्या एकेक करून त्या लोकरीत पडल्या. उन्हाने त्या गरम झाल्या होत्या. थोरलीला वाट द्यायला यजमान बाजूला सरकले आणि टोपी तिच्या नाकाखालून गेली.

थोरली थांबली.

तिने टोपीची कड दोन्ही हातांनी धरली आणि तोंड त्यात घातलं, जसं लहान मूल वाटीत घालतं. बराच वेळ वर काढलं नाही. साहेब घड्याळाकडे बघू लागले. पक्षीसुद्धा दोन सुरांमध्ये थांबला.

"चालली नव्हतीस तू," थोरली टोपीतूनच म्हणाली.

"काय?"

"बोट धरून वगैरे काही नाही. तू एक पाऊल चालली नव्हतीस." तिने तोंड वर काढलं. नाकाच्या शेंड्याला शेवाळाचा कण लागला होता आणि आवाज रागावल्यासारखा होता. "खांद्यावर बसली होतीस अण्णांच्या. सगळी वाट. चालत मी होते. माझा बूट चिखलात रुतला, तर मला म्हणाले, तू मोठी आहेस, काढ तुझा तू. आणि अण्णांची टोपी मी धरली होती. भरलेली. तू नुसती बसली होतीस."

 धाकटीने मान वर करून झाडाकडे बघितलं. सगळ्यात खालची फांदी एखाद्या उंच माणसाच्या खांद्यावर बसलेल्या पोरीच्या बरोबर कपाळापाशी येत होती. मग खाली बघितलं. तिथून अळंब्या खूप खाली दिसल्या असत्या, सांडलेल्या बटणांसारख्या. आणि तो माणूस त्या काढायला वाकला असेल, तेव्हा खांद्यावरच्या पोरीला…

"ताई," ती म्हणाली, "रान झुकलं होतं."

"झुकणारच. वाकले होते ना ते." थोरलीने टोपी यजमानांकडे परत दिली. "तुझं बाकीचं सगळं चुकीचं आहे. दुपार नव्हती, सकाळ होती. ऊन कसलं, धुकं होतं. आणि आईने त्या शिजवल्या नाहीत, फेकल्या, म्हणून तर तो विषय घरात पुन्हा निघाला नाही."

धाकटीने प्रत्येक चूक मान हलवून कबूल केली. सकाळ, बरं. धुकं, बरं. जितकं चुकत होतं तितकं ते घट्ट होत होतं. स्वप्नातल्या चुका काही कुणी दुरुस्त करत बसत नाही.

"तक्रार निकाली," यजमान टोपीत बघत म्हणाले. असं ते कधीच म्हणत नसत.

परतीची वाट अरुंद होती, एकामागे एकच माणूस जाऊ शकेल अशी. या वेळी धाकटी पुढे होती आणि थोरली तिच्या मागे. मागून थोरलीचं चालूच होतं. बुटाचा रंग, धुकं, चिखल, आणि सगळ्यात शेवटी, इतक्या वर्षांच्या साठवलेल्या रागाने:

"आणि मी मागे रडत येत होते, तर खांद्यावरून वळून वळून मला वाकुल्या दाखवत होतीस."

हे धाकटीला आठवत नव्हतं. पण थोरलीला आठवत होतं, म्हणजे ते घडलंच होतं. ती थांबली, गुडघ्याचा पट्टा सांभाळत सावकाश मागे वळली, आणि वकीलसाहेब, अन्न तपासणी आणि कॉलेज या सर्वांच्या देखत तिने थोरलीला जीभ काढून दाखवली.